काच फुटल्यावर नाव कुणाचं घ्यायचं?

२४ जुलै २०२५ रोजी अमेरिकी प्रो-रेसलर हल्क होगन गेला. त्याला श्रद्धांजली वाहणारी चित्रफीत कुठलीही उघडा, बहुधा तिच्याखाली 'रिअल अमेरिकन' वाजत होतं. बर्नार्ड केनीच्या साथीनं ते गाणं रचणारा आणि गाणारा रिक डेरिंजर त्याच्या ५९ दिवस आधी, २६ मे रोजी गेला होता. गाणं मुळात होगनसाठी नव्हतंच. १९८५च्या 'द रेसलिंग अल्बम'साठी ते बॅरी विंडम आणि माइक रोटुंडा यांच्या 'यूएस एक्सप्रेस' या जोडीकरता तयार झालं. जोडी डब्ल्यूडब्ल्यूएफ (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) या कंपनीतून गेली आणि गाणं होगनच्या वाट्याला आलं. पुढची चाळीस वर्षं ते होगनचं म्हणूनच ओळखलं गेलं.

प्रो-रेसलिंगमध्ये रेसलर रिंगकडे येताना त्याची ठरलेली धून वाजते, आणि बहुतेक धुनांचं असंच होतं. धून रेसलरच्या नावावर चढते, कंपनीच्या मालकीची होते, आणि जिच्या डोक्यातून ती आली ती व्यक्ती पुसली जाते. या संगीतकारांचा सन्मान व्हावा अशी मागणी चाहते करतात, आणि ती रास्त आहे. पण ही मागणी बहुतेक वेळा 'हॉल ऑफ फेममध्ये', म्हणजे कंपनीच्या मानकऱ्यांच्या यादीत, 'घ्या' एवढ्यावर थांबते. आमचं म्हणणं असं की सन्मानाची सुरुवात त्याच्या कितीतरी आधी, कागदावरच्या नावापासून व्हायला हवी. नाव नीट नोंदलं गेलं तर मानधन, जतन आणि हॉल ऑफ फेमची अंगठी हे सगळं मागता येतं. नोंदच नसेल तर मागणार कशाच्या आधारावर?

आधी हे काम काय असतं ते पाहू, कारण 'पाच सेकंदांची गिटार, त्यात काय एवढं' असं म्हणणारे पुष्कळ भेटतात.

वीस हजार माणसांचं बंदिस्त सभागृह ही संगीतासाठी अत्यंत वाईट जागा आहे. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे शंभर मीटरवर बसलेल्या प्रेक्षकाला मंचाजवळच्या स्पीकरचा ठोका साधारण ०.२९ सेकंद उशिरा पोचतो. मोठ्या मैदानात म्हणूनच मधेमधे स्पीकरचे मनोरे उभारून त्यांना मोजून विलंब द्यावा लागतो. शिवाय भिंती-छपरांवरून परतणारा आवाज काही सेकंद घुमत राहतो. अशा जागी जलद सुरावट वाजवली की एक सूर विरायच्या आत पुढचे चार येतात आणि सगळ्याचा चिखल होतो. स्टुडिओत सुंदर वाटलेली रचना सभागृहात नुसती गुरगुर ऐकू येते, त्याचं कारण हेच. त्यात वीस हजार घशांचा कल्लोळ! तो माणसाच्या आवाजाच्या पट्ट्यात, म्हणजे मधल्या कंपनसंख्यांत साठलेला असतो. त्यामुळे नेमका तोच पट्टा गिटारला आणि गायकाला मिळत नाही.

आता रेसलर स्टीव्ह ऑस्टिनच्या धुनेची सुरुवात आठवा. काच फुटते. फुटणाऱ्या काचेचा आवाज अगदी थोडका असतो आणि त्याची ताकद वरच्या कंपनसंख्यांत असते, गर्दीच्या आवाजाच्या वर. त्यामुळे सभागृह कितीही गर्जत असलं तरी ती काच त्यातून आरपार जाते. पहिल्या अर्ध्या सेकंदात शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळतं की कोण येतंय. नंतर गिटारचा जड, मध्यम लयीतला, दोन ठोक्यांत श्वास असलेला तुकडा येतो, त्यामुळे घुमणाऱ्या आवाजाला विरायला जागा मिळते. ही रचना डब्ल्यूडब्ल्यूईचा संगीतकार जिम जॉन्स्टन याची.

अंडरटेकरसाठी याच माणसानं अगदी उलटा मार्ग घेतला. नोव्हेंबर १९९०मध्ये अंडरटेकर आला. त्याच्या धुनेला आधार होता शोपँच्या दुसऱ्या पियानो सोनाटातल्या, बी फ्लॅट मायनरमधल्या अंत्ययात्रेच्या संगीताचा. तिथे घंटेचा एक टोल पडतो आणि मग बराच वेळ काही होत नाही. सभागृहाचा घुमारा, जो एरवी शत्रू, तो इथे वाद्यच होऊन जातो, कारण टोल विरेपर्यंतची शांतता सभागृह स्वतः भरून काढतं. लय इतकी संथ की चालणाऱ्या माणसाला घाई करणं अशक्यच. रेसलर कसा चालेल, कुठे थांबेल, मान केव्हा वर करेल हे इथे संगीत ठरवतं. अल्टिमेट वॉरियरच्या धुनेत गिटार धापा टाकत धावते, आणि तो धावतच रिंगमध्ये यायचा. तीही जॉन्स्टनचीच.

दुसरी अडचण लांबीची. पडद्यापासून रिंगपर्यंत पोचायला किती वेळ लागेल हे आधी सांगता येत नाही. कुणी पंचवीस सेकंदांत पोचतो, कुणी चार मिनिटं घेतो, कुणी वाटेत चाहत्यांशी हात मिळवत रेंगाळतो. म्हणून धून आठ किंवा सोळा मात्राखंडांच्या आवर्तनात बांधावी लागते, जी कितीही वेळा फिरली तरी सांधा ऐकू येऊ नये. चूक इथेच होते. झांजेचा किंवा गिटारचा विरणारा शेवट आवर्तनाच्या टोकाला कापला जातो आणि प्रत्येक फेरीला एक बारीक हिसका बसतो. जाणकार रचनाकार तो विरणारा शेपटा आवर्तनाच्या सुरुवातीवर मिसळून ठेवतो. शिवाय तीच धून जिंकल्यावर मधूनच सुरू होते, कुणी अचानक धावून आला तर फक्त चार सेकंद वाजते, जाहिरातीआधी हळूहळू विरवावी लागते. चार सेकंदांत पूर्ण आणि चार मिनिटांत न कंटाळवाणी, अशी रचना करणं हे स्वतंत्र कसब आहे. सिनेमाच्या पार्श्वसंगीतकाराला दृश्याची लांबी माहीत असते. इथे ती सोयही नाही.

जॉन्स्टनची आम्हाला सर्वांत आवडणारी कल्पना मात्र कमी लोकांच्या लक्षात आहे. १९९६मध्ये मॅनकाइंड हा रेसलर आला तेव्हा त्याला दोन धुना होत्या. येताना अंधारी, अस्वस्थ करणारी. जिंकल्यावर मात्र मंद, शांत पियानो. मारामारी करून या माणसाच्या डोक्यातलं वादळ निवतं, हे पात्राचं अख्खं मानसशास्त्र संवादाशिवाय सांगून टाकलं. पटकथा लेखकाला जे काम करायला दहा मिनिटं लागली असती, ते पियानोच्या काही सुरांनी केलं.

१९८५ ते २०१७, बत्तीस वर्षं जॉन्स्टन या एका कंपनीसाठी रचना करत होता, त्यातली कित्येक वाद्यं स्वतः वाजवत. तरी त्याचं नाव किती प्रेक्षकांना माहीत आहे? 'द गेम' हे रेसलर ट्रिपल एचचं गाणं घ्या. विचारलं तर चाहता म्हणेल, मोटरहेड या बँडचं. आवाज त्यांचा गायक लेमी याचा आहे, वाद्यवृंद मोटरहेडचा आहे, १ एप्रिल २००१ला ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोममध्ये रेसलमेनिया या कंपनीच्या सर्वांत मोठ्या वार्षिक कार्यक्रमात त्यांनी ते प्रत्यक्ष वाजवलंही. पण शब्द आणि चाल जॉन्स्टनची. गायक दिसतो आणि रचनाकार दिसत नाही, हे जगभर होतंच. पण याच काळात या धुनांची विक्री किरकोळ नव्हती. फेब्रुवारी २००१मध्ये आलेला 'डब्ल्यूडब्ल्यूएफ द म्युझिक'चा पाचवा खंड बिलबोर्डच्या दोनशे अल्बमांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोचला. तिथे पोचलेल्या दुसऱ्या कुठल्याही अल्बमचा संगीतकार मुलाखतींतून, मासिकांच्या पानांवरून लोकांना ठाऊक झाला असता.

मराठी श्रोत्याला ही गोष्ट जरा जास्तच खटकावी. विविध भारतीवर गाणं लावताना निवेदक गायकासोबत गीतकार आणि संगीतकार सांगतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या ते ऐकून आपल्याला चालीवरून खळे की बाबूजी हे ओळखण्याची सवय लागली. तीन नावं उच्चारायला जास्तीत जास्त सहा सेकंद लागतात. याच आकाशवाणीची सकाळची परिचयधून मात्र तशी घोषणा न होता वाजत राहिली, आणि ती रचणाऱ्या वॉल्टर कॉफमनचं नाव आजही अभ्यासकांपलीकडे फार कुणाला ठाऊक नाही. नाव उच्चारलं गेलं की टिकतं, नाही उच्चारलं की जातं. दोन्ही पुरावे एकाच संस्थेत आहेत.

नाव पुसलं जाण्याचं मूळ कायद्यात आहे, आणि इथे अमेरिका आणि भारत यांच्यात मोठा फरक आहे. अमेरिकेच्या कायद्यात नोकरीच्या ओघात केलेली निर्मिती ही 'भाडोत्री कृती' ठरते आणि मालक कंपनी नुसती हक्कदार होत नाही, कायद्याच्या लेखी तीच 'लेखक' ठरते. याचा परिणाम पुढे दिसतो. १९७८नंतर हक्क विकलेल्या स्वतंत्र रचनाकाराला ३५ वर्षांनी ते परत मागण्याची तरतूद तिथे आहे, पण भाडोत्री कृतींना ती लागू नाही. म्हणजे १९८५ची रचना स्वतंत्रपणे करून त्याच वर्षी विकलेली असती तर २०२०मध्ये रचनाकाराला दार उघडलं असतं. पगारी रचनाकाराला ते कधीच उघडत नाही. आणि आपलं नाव लावून घेण्याचा नैतिक हक्क अमेरिकी संघराज्याच्या कायद्यानं १९९०मध्ये दिला तो फक्त चित्रशिल्पांसारख्या दृश्यकलांना. संगीताला दिलाच नाही.

आपल्या १९५७च्या कायद्यातही नोकरीत केलेल्या कामाचा पहिला हक्कदार नोकरी देणाराच असतो. पण 'लेखक' मात्र संगीतकारच राहतो, आणि कलम ५७ सांगतं की हक्क विकल्यावरही ती कृती आपली आहे असं म्हणण्याचा त्याचा अधिकार शाबूत असतो. २०१२च्या दुरुस्तीनं आणखी एक पाऊल टाकलं. ध्वनिमुद्रणात वापरलेल्या शब्द-संगीताच्या मानधनातला समान वाटा रचनाकार सोडूनच देऊ शकत नाही, तसा करार केला तरी तो निरर्थक ठरतो. आपल्याकडे अंमलबजावणीची रड आहेच. पण तत्त्व म्हणून हे बरोबर आहे: मालकी विकता येते, कर्तृत्व विकता येत नाही. प्रो-रेसलिंग कंपन्यांनी कायदा बदलायची वाट पाहू नये. हे तत्त्व त्या उद्यापासून करारात एका कलमानं आणू शकतात: 'रचना जिथे छापली, दाखवली वा प्रसारित केली जाईल तिथे रचनाकाराचं नाव दिलं जाईल.' या कलमानं कंपनीच्या मालकीला धक्का लागत नाही.

त्यानंतर येते क्यू शीट. टीव्हीवरच्या प्रत्येक कार्यक्रमात कुठलं संगीत किती वेळ वाजलं याचा हा तक्ता असतो. प्रत्येक ओळीत धुनेचं अधिकृत शीर्षक, रचनाकार, प्रकाशक, दोघांसाठी मानधन गोळा करणारी संस्था (अमेरिकेत मुख्यतः एस्कॅप किंवा बीएमआय), कशासाठी वापरलं आणि मिनिट-सेकंद. प्रसारणाच्या मानधनाचे तिथे परंपरेनं दोन सारखे भाग होतात, निम्मा प्रकाशकाचा, निम्मा रचनाकाराचा. करार तशी मुभा देत असेल तर पगारी रचनाकारालाही आपला निम्मा भाग मिळू शकतो, मात्र तक्त्यात नाव असेल तरच.

गडबड इथे होते. धुनेला अधिकृत नाव एक आणि नियंत्रण कक्षातल्या फाइलला नाव दुसरं असतं. नोंदणीत 'आय वोन्ट डू व्हॉट यू टेल मी', आणि फाइलवर 'ऑस्टिन थीम २'. तक्ता भरणारा फाइलचं नाव उतरवतो, संस्थेच्या यंत्रणेला जोड सापडत नाही, आणि रक्कम 'न जुळलेल्या' खात्यात पडून राहते. एका धुनेच्या पाच आवृत्त्या असतील तर पाचही वेगळ्या ध्वनिमुद्रणांना प्रत्येकी बारा अक्षरांचा आयएसआरसी हा ध्वनिमुद्रणाचा ओळख-क्रमांक हवा, आणि मूळ रचनेला आयएसडब्ल्यूसी हा रचनेचा एकच क्रमांक. रचनाकाराची ओळख पटवणारा आयपीआय क्रमांक प्रत्येक ओळीत हवा, कारण जिम जॉन्स्टन नावाची माणसं जगात पुष्कळ आहेत. धून पहिल्यांदा वाजण्याआधी हे सगळं भरायला अर्धा तास लागतो. वीस वर्षांनी निस्तरायला वकील लागतात.

श्रेय कसं थरांत दडलेलं असतं ते रेसलर जॉन सीनाच्या धुनेत दिसतं. 'द टाइम इज नाऊ'मधली ती सुप्रसिद्ध पितळी वाद्यं पीट स्कोफील्ड या कॅनडातल्या संगीतकाराच्या सत्तरच्या दशकातल्या रेकॉर्डवरून उचललेली. आणि ती रेकॉर्ड म्हणजे बॉबी रसेलनं रचलेल्या एका गाण्याची वाद्यवृंदासाठीची आवृत्ती. सीनाच्या निरोपाला हळवे झालेल्या किती जणांनी रसेलचं नाव ऐकलंय? गोल्डबर्ग या रेसलरची 'इन्व्हेजन' तर तयार संगीताच्या संग्रहातून घेतलेली, क्रिस्तियान पुले आणि झाँ-ईव्ह रिगो या दोघांची. त्यांनी ती कुणा रेसलरसाठी बांधलीच नव्हती.

यापुढचा अन्याय जतनाचा आहे, आणि तो संगीतकारांइतकाच प्रेक्षकांवरही होतो. ईसीडब्ल्यू या दुसऱ्या रेसलिंग कंपनीनं नव्वदच्या दशकात लोकप्रिय गाणी सर्रास वाजवली. पुढे ते सामने पुन्हा दाखवायची वेळ आली तेव्हा परवाने नव्हते, म्हणून त्यांवर दुसरं संगीत चढवलं गेलं. सँडमन हा रेसलर मेटालिका बँडच्या गाण्यावर गर्दीतून येतो, हजार माणसं शब्दन्‌शब्द गातात, आणि नव्या प्रतीत त्याच जागी भलतीच गिटार. मूळ फितीत संगीत आणि गर्दीचा आवाज एकाच मार्गावर मिसळलेले असले की गाणं काढताना त्या हजार माणसांचं गाणंही जातं. उपाय ठाऊक आहे आणि महागही नाही: संगीत, प्रेक्षक, समालोचन आणि रिंगखालचे माइक प्रत्येकी वेगळ्या मार्गावर, ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिटवर मुद्रित करून ठेवायचे. संगीताचेही ढोल, बास, गिटार, आवाज असे सुटे मार्ग जपायचे. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या काही चुंबकीय फितींवरची चुंबकीय भुकटी धरून ठेवणारा थर दमट हवेनं पाणी शोषतो आणि फीत वाजवताना ती खरवडून निघते. अशी फीत आधी साधारण ५०-५५ अंशांवर कित्येक तास कोरडी करून मगच चालवावी लागते, आणि लगेच नक्कल काढावी लागते, कारण हा इलाज काही आठवडेच टिकतो. ज्या कंपन्यांना आपल्या संगीताचा अभिमान आहे त्यांनी हे काम हयात रचनाकारांना सोबत घेऊन करावं. कुठल्या मार्गावर काय आहे हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही.

आता हॉल ऑफ फेम. १९९३मध्ये आंद्रे द जायंटपासून सुरू झालेल्या या यादीत रेसलरांखेरीज व्यवस्थापक, निवेदक, समालोचक आहेत. २००४पासून प्रसिद्ध पाहुण्यांचा विभाग आहे, २०१६पासून जुन्या पिढीसाठी 'लेगसी' विभाग. रॅपर स्नूप डॉग २०१६मध्ये आणि रॉक गायक ओझी ऑस्बॉर्न २०२१मध्ये आत गेले, ते पाहुण्यांच्या दारानं. जिमी हार्ट २००५मध्ये गेला तो कर्णा घेऊन ओरडणारा व्यवस्थापक म्हणून. त्याच हार्टनं जे. जे. मग्वायरसोबत रेसलर शॉन मायकल्सचं 'सेक्सी बॉय' रचलं हे त्याच्या परिचयातलं एक वाक्य असतं, आणि मग्वायरचं नाव तर तिथेही अनेकदा गळतं. रिंगमध्ये माणसाचं नाव पुकारणाऱ्याला स्थान आहे, आणि असायलाच हवं. मग पुकारण्याआधीच सभागृहाला नाव सांगून टाकणाऱ्याला का नसावं? २०२५च्या वर्गापर्यंत संगीतकाराला संगीतकार म्हणून दार नव्हतं. ते उघडावं, दरवर्षी एक नाव घ्यावं, आणि पहिलं जॉन्स्टनचं असावं.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा: काच म्हणजे नुसती काच, तिला अर्थ ऑस्टिननं दिला. हे निम्मं खरं आहे. पण हाच माणूस जानेवारी १९९६मध्ये 'रिंगमास्टर' म्हणून याच रिंगमध्ये यायचा, आणि तेव्हा कुणी खुर्चीतून उठत नव्हतं. पात्र बदललं, बोलणं बदललं, धूनही बदलली, आणि तिन्ही मिळून जे घडलं ते घडलं. अर्थ दोघांनी मिळून केला असेल तर दोघांची नावं लागावीत, एवढंच आम्ही म्हणतोय. दुसरा आक्षेप पगाराचा, 'त्याला पैसे मिळाले की.' पगार तर कॅमेरामनलाही मिळतो, लेखकालाही मिळतो, आणि तरी सिनेमाच्या शेवटी त्यांची नावं सरकतात. पगार हा श्रमाचा मोबदला आहे, नावाची किंमत नव्हे.

उलट दिशेची उदाहरणं डोळ्यांसमोर आहेत. रेसलर कोडी रोड्स २०२२मध्ये एईडब्ल्यू या प्रतिस्पर्धी कंपनीतून डब्ल्यूडब्ल्यूईत परतला तेव्हा 'किंगडम' हे डाउनस्टेट बँडचं गाणं सोबत घेऊन आला. धून कंपनीच्या मालकीची असती तर ती मागेच राहिली असती. आज डाउनस्टेट हे नाव लाखोंना माहीत आहे आणि त्यानं कुठल्या कंपनीचं नुकसान झालेलं नाही. एईडब्ल्यूत मायकी रूकस हा रचनाकार स्वतःच्या नावानं ओळखला जातो, चाहते त्याच्या कामावर नाव घेऊन वाद घालतात. नाव ठाऊक असलं की टीकाही नीट करता येते. डब्ल्यूडब्ल्यूईत जॉन्स्टननंतरच्या काळात सीएफओ-डॉलर या नावामागे जॉन पॉल अलिकास्त्रो आणि मायकल कॉनराड लॉरी हे दोघं होते हे निदान कळलं होतं. त्यानंतरच्या धुना 'डेफ रिबेल' या सामूहिक नावाखाली येतात, आणि एखादी धून फसली किंवा जमली तरी ती कुणाची हे ऐकणाऱ्याला समजत नाही. सामूहिक काम जरूर करा, पण प्रत्येक धुनेवर ती रचणाऱ्यांची नावं लिहा.

रेसलर पडद्यातून बाहेर येतो तेव्हा टीव्हीच्या पडद्यावर खालच्या भागात त्याच्या नावाची पट्टी येतेच. तिच्यात एक ओळ वाढवायची आहे. 'संगीत: जिम जॉन्स्टन'. चार सेकंद पुरतील.